यॉर्कचा पाच पौंडांचा खोका

माझी धाकटी मुलगी लग्नानंतर इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड शहरात राहते. जावई तिथे फार्मासिस्ट आहेत. २०१९ च्या एप्रिलमध्ये मी तिच्याकडे गेले होते. शाबान चालू होता, रमजान दोन आठवड्यांवर आला होता आणि मुलीने डाळी-पिठांचे डबे भरायला काढले होते. अशात एके रात्री दस्तरखानावर माझा बारा वर्षांचा नातू म्हणाला, ‘‘नानी, सोमवारी माझ्याबरोबर यॉर्कला येशील? अम्मीला वेळ नाही आणि मला एकट्याला सोडत नाहीत.’’

यॉर्कला काय, तर रेल्वेच्या मॉडेलांचे प्रदर्शन. ईस्टरच्या सुट्टीत ते तिथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर भरते. शर्यतीचे मैदान म्हटल्यावर मी जरा बिचकले. मुलगी हसून म्हणाली, ‘‘अम्मी, त्या दिवशी घोडेही नसतात आणि जुगारही नसतो. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या इमारतीत टेबलं मांडतात. फक्त एक लक्षात ठेव, त्याच्यासमोर खेळणी म्हणू नकोस. मॉडेल म्हणायचं.’’

हा नाद त्याला शेजारच्या एका निवृत्त बस ड्रायव्हरने लावला. म्हाताऱ्याच्या माळ्यावर छोटी रेल्वे आहे, तिथे हा शनिवारी जाऊन बसतो. मुलीची तक्रार नव्हती, कारण तेवढा वेळ हातातला टॅब सुटतो. मला मात्र त्यात दुसरेच काही दिसत होते. मुलांचे अब्बा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. सगळी नोकरी तिथेच झाली, मग आम्ही चिपळूणला गावच्या घरी आलो आणि २०१६ साली त्यांचा इंतकाल झाला. या नातवाने नानाला दोनदाच पाहिले, तेही लहानपणी. पण चिमट्यात बारीक वस्तू धरून तो उजेडाकडे नेतो, तेव्हा डावा डोळा मिटतो आणि जिभेचे टोक बाहेर काढतो. हे त्याला कुणी शिकवले नाही.

त्याच्याजवळ मागच्या ईदीतले साठवलेले साडेबावीस पौंड होते. ते त्याने तीनदा मोजून पाकिटात घातले. मी घावणे आणि खिमा डब्यात भरला आणि ईस्टरच्या सोमवारी सकाळी आम्ही निघालो.

ब्रॅडफर्डहून यॉर्कला लीड्समार्गे थेट गाडी आहे, तासा-सव्वा तासाचा प्रवास. त्या वर्षी ईस्टरला इंग्लंडात नवलाचे ऊन पडले होते. डब्यातली माणसे अर्ध्या बाह्यांत बसलेली, आणि मी चिपळूणहून नेलेला जाड स्वेटर मांडीवर घेऊन. यॉर्क स्टेशनात गाडी शिरली की मान आपोआप वर जाते. १८७७ सालचे ते लोखंडी कमानींचे छप्पर रुळांबरोबर वळत जाते. कमानीमागे कमान अशी वाकत दूर जाते की शेवट दिसतच नाही. मुलांचे अब्बा असते तर फलाटावरच तासभर गेला असता. नातू हात ओढत होता, ‘‘नानी, छप्पर येतानाही इथंच असेल.’’

स्टेशनाबाहेर शहराची जुनी तटबंदी आहे. ती डावीकडे टाकून आम्ही दक्षिणेकडे मैदानाच्या वाटेने चालत गेलो. वाटेत लांबून एक विटांचा उंच घड्याळाचा मनोरा दिसतो. टेरी नावाच्या प्रसिद्ध चॉकलेटवाल्यांचा तो कारखाना. २००५ साली तो बंद पडला, घड्याळ राहिले. मैदान त्याच्या बाजूलाच.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवला तो आवाज. शेकडो माणसे असूनही गोंगाट नाही, सगळीकडे बारीक घरघर, शिलाई मशीन दूरच्या खोलीत चालावे तशी. मजल्यामागून मजला, आणि प्रत्येकावर कमरेएवढ्या उंचीच्या फळ्यांवर गावेच्या गावे मांडलेली. त्यांना लेआउट म्हणतात. एका लेआउटवर कोळशाचे आवार होते. काजळीने काळवंडलेल्या भिंती, मागच्या परसात दोरीवर वाळत घातलेले कपडे, तेही चिमणीच्या धुराने मळलेले. कपडा नखाएवढा. मी त्या मालकाला म्हटले, ‘‘बाईने कपडे वाऱ्याच्या चुकीच्या बाजूला घातलेत.’’ नातवाने भाषांतर केले. तो गृहस्थ चमकला, चिमणीकडे पाहिले, कपड्यांकडे पाहिले आणि म्हणाला की अकरा वर्षांत हे कुणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या एका लेआउटवर डोंगरातली अरुंद रेल्वे होती. मला राहवले नाही. मी सांगू लागले की आमच्याकडे नेरळहून माथेरानला अशीच दोन फुटी गाडी जाते. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या पैशाने ती बांधली आणि १९०७ साली ती सुरू झाली. तो म्हातारा मला मध्येच थांबवून म्हणाला, ‘‘नेरळ! जर्मनीची इंजिनं होती ती, ऑरेन्स्टाइन अँड कॉपेलची.’’ मी गप्प झाले. यॉर्कच्या माणसाला नेरळच्या इंजिनाचा कारखाना ठाऊक, आणि नेरळला गाडी बदलणाऱ्या किती जणांना पीरभॉय हे नाव ठाऊक आहे?

पण नातू गाड्या बघायला आलाच नव्हता. तो आला होता किट शोधायला. तयार इंजिन तिथे शंभर-दीडशे पौंडांच्या पुढे. साडेबावीस पौंडांत इंजिनाचा खोकाही आला नसता. किट म्हणजे सुटे भाग. ते आपण कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. प्लास्टिकची किटं सोपी, पुठ्ठ्याची त्याहून सोपी. पांढऱ्या शिशासारख्या धातूची किटं जड असतात. पितळी पत्र्याची येतात ती डाक देऊन जोडावी लागतात, आणि त्यांच्या वाटेला आपण अजून जात नाही, असे त्याने मला गंभीरपणे सांगितले.

स्वस्त माल दुकानदारांच्या टेबलावर नसतो, टेबलाखाली असतो. तिथे केळ्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत जुनी, पिवळी पडलेली, कोपरे फाटलेली किटं टाकलेली असतात. मोठी माणसे गुडघ्यांवर बसून ती चाळत असतात. पाठीवरच्या पिशव्या एकमेकांना लागतात, सगळे एकमेकांना सॉरी म्हणतात आणि कुणीही जागा सोडत नाही. तिथे बसून नातवाने मला खोका कसा पाहावा ते शिकवले.

आधी माप पाहायचे. इंग्लंडात बहुतेकांची मॉडेलं एका फुटाला ४ मिलिमीटर या मापाची असतात, त्याला ते डबल-ओ म्हणतात. युरोपातले माप त्याहून थोडे लहान. दोन्हींचे खोके शेजारी ठेवले तर फसायला होते. घरी गेल्यावर कळते की स्टेशन मास्तर दारापेक्षा उंच आहे. मग खोका उघडायचा. प्लास्टिकचे भाग चौकटीला चिकटलेले असतात. ते तसेच चिकटून असले तर किट बहुधा पुरे असते. सुटे होऊन खोक्यात खुळखुळत असतील तर कागदावरच्या चित्राशी एकेक ताडून पाहायचा. डब्यावरची अक्षरे छापलेला पातळ कागद पिवळा पडला असेल तर किंमत कमी करायला सांगायची. कुणी अर्धवट जोडून सोडलेले किट सर्वांत स्वस्त असते, पण गोंद कुठे लागलाय ते पाहायचे. रंग खरवडता येतो, पण गोंदाने प्लास्टिक वितळले असेल तर ते परत येत नाही. आणि चाके. बऱ्याच जुन्या किटांत चाके नसतातच, ती वेगळी घ्यावी लागतात. दोन पौंडांच्या वाघिणीला सहा पौंडांची चाके असे होऊन बसते.

यात एक गंमत त्याने सांगितली. इंग्लंडातल्या रुळांचे खरे अंतर ४ फूट साडेआठ इंच. ४ मिलिमीटरच्या मापाने मॉडेलचे रूळ पावणेएकोणीस मिलिमीटरांहून थोडे जास्त हवेत. पण सगळे वापरतात ते १६.५ मिलिमीटरचे. म्हणजे इथले प्रत्येक इंजिन त्याच्या अंगापेक्षा अरुंद रुळांवर चालते आणि त्यावरून ही माणसे वर्षानुवर्षे भांडतात. मी मनात हिशेब केला. आपली ब्रॉडगेज साडेपाच फुटांची, म्हणजे याच मापात बरोबर २२ मिलिमीटर, अपूर्णांक नाही. ‘‘बघ, आमचं गणित सोपं आहे,’’ म्हटले. त्याने ते वहीत लिहून घेतले.

एका टेबलाखाली त्याला चार वाघिणींची किटं सापडली. प्रत्येकी चार पौंड. तो सोळा पौंड काढू लागला. मी त्याचा हात धरला. चिपळूणच्या बाजारात चाळीस वर्षे मासळी घेतलेली बाई आहे मी. चारही खोके हातात घेतले, एकाचा फाटका कोपरा दाखवला आणि म्हटले, ‘‘दहा.’’ नातू लाजेने लाल झाला, जमिनीकडे पाहू लागला. विक्रेता म्हणाला, चौदा. मी खोके खाली ठेवले आणि वळले. बारा पौंडांना चारही मिळाले. विक्रेत्याला राग आला नाही. उलट म्हणाला, शेवटच्या दिवशी दुपारनंतर माल परत गाडीत भरायचा कंटाळा येतो, आजीबाईंनी वेळ बरोबर साधली. नातवाच्या नजरेत माझी किंमत वाढलेली मला दिसली. खरे सांगते, मीही फुगले होते.

तिथे माणसे आपसांत एक विनोद पुन्हा पुन्हा करतात. मी तो दोन टेबलांवर ऐकला. एक नवरा दुसऱ्याला म्हणतो, मला मरणाची भीती नाही, भीती एवढीच की मी गेल्यावर बायको हे सगळं, मी तिला सांगितलेल्या किमतीला विकेल. सगळे हसतात. नातवाने अर्थ सांगितल्यावर मीही हसले. पण मग आजूबाजूला पाहिले. बहुतेक साठी-सत्तरीतले पुरुष. ही माणसे जोडून होतील त्याच्या कितीतरी पट किटं घेऊन ठेवतात. कपाटे भरतात, माळे भरतात. निवृत्त झालो की करू, डोळ्यांचं ऑपरेशन झालं की करू. आणि मग एक दिवस ते सगळे या टेबलांवर येते.

वरच्या मजल्यावर खिडकीपाशी असेच एक टेबल होते. हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता, की हा माल क्लबच्या एका दिवंगत सभासदाचा आहे. मागे सत्तरीची एक बाई बसली होती, थर्मास आणि विणकाम जवळ घेऊन. क्लबचा माणूस पलीकडच्या टेबलावर होता. बाईने स्वतःच किमतींच्या चिठ्ठ्या लावल्या असाव्यात, कारण सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच गोल, शाळेतल्यासारखे अक्षर. दोन, तीन, पाच. पाचाच्या वर काहीच नव्हते.

नातू तिथे थांबला आणि त्याचा श्वास अडकलेला मी ऐकला.

एक लांबट खोका होता. वरच्या चित्रातले इंजिन मी ओळखले. नावाने नाही, आकाराने. मध्ये बॉयलर, आणि पुढे-मागे दोन्हीकडे चाकांचे वेगवेगळे संच, जणू दोन इंजिनांच्या मध्ये झोळी बांधून बॉयलर टांगलाय. एकदा रेल्वेच्या पासवर आम्ही दिल्लीला गेलो होतो, तेव्हा तिथल्या रेल्वे म्युझियममध्ये बंगाल-नागपूर रेल्वेच्या अशाच इंजिनापाशी मुलांच्या अब्बांनी मला भर उन्हात अर्धा तास उभे केले होते. गॅरेट. हर्बर्ट गॅरेट या इंजिनिअरची कल्पना, आणि मँचेस्टरच्या बायर पीकॉक कारखान्यात ती बांधली. लांबलचक इंजिन, पण वळणावर वाकते. मी नातवाला म्हटले, ‘‘गॅरेट ना?’’ तो माझ्याकडे पाहतच राहिला.

मग तो कुजबुजत सांगू लागला, भराभर, आणि चक्क कोकणीत, बाईला कळू नये म्हणून. एरवी त्याच्या तोंडून कोकणी काढायला मला मिठाईची लाच द्यावी लागते. हे किट्‌मास्टरचं किट आहे. रोझबड नावाचा बाहुल्यांचा कारखाना होता, त्याने १९५९ पासून रेल्वेची किटं काढली, आणि १९६२ साली सगळे साचे एअरफिक्स कंपनीला विकून टाकले. एअरफिक्सने त्यातली थोडीच पुन्हा काढली, गॅरेट त्यात नव्हती. म्हणजे जे खोके तेव्हा विकले गेले तेवढेच. शेजारच्या आजोबांनी सांगितलंय, असा खोका दिसला तर पळत घरी यायचं. आणि नानी, आत सगळं चौकटीलाच चिकटलेलं आहे. कुणी हातच लावलेला नाही.

चिठ्ठीवर पाच पौंड होते. त्याच्या पाकिटात साडेदहा.

‘‘खरी किंमत काय?’’ मी विचारले.

‘‘चाळीस तरी. जास्तसुद्धा.’’

‘‘तिला ठाऊक आहे?’’

तो बोलला नाही. पाचाची नोट त्याने काढलीच होती.

आता मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी जे केले ते वाचणाऱ्याला नुसता आगाऊपणा वाटेल. मुलांचे अब्बा गेले त्याच्या सहा महिन्यांनी चिपळूणच्या घराला रंग द्यायचा होता. त्यांची हत्यारांची लोखंडी पेटी कोपऱ्यात होती. कानशी, गुण्या, व्हर्निअर, लाकडी डबीत मखमलीवर ठेवलेला मायक्रोमीटर. दर रविवारी ते सगळे पुसून, तेलाचे बोट लावून पुन्हा आत ठेवायचे. मला त्यातले काही कळत नव्हते आणि पेटी पाहिली की जीव कासावीस व्हायचा. दारावर भंगारवाला आला. त्याने काटा लावला, पेटीसकट वजन केले आणि चारशे वीस रुपये दिले. मी मोजूनही घेतले नाहीत. काही महिन्यांनी परळचे त्यांचे एक जुने सोबती भेटायला आले. चहा झाल्यावर म्हणाले, ‘‘भाभी, त्यांचा मायक्रोमीटर एकदा पाहायचा होता.’’ मी सांगितले. ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग एवढेच म्हणाले, ‘‘त्याला निदान ठाऊक असेल, तो काय घेऊन चाललाय.’’

तो वाक्याचा काटा अजून निघालेला नाही. पैशाचे दुःख नाही. माझ्या दारात, माझ्यासमोर, माझ्या माणसाच्या आयुष्याची किंमत मला माहीत नव्हती आणि समोरच्याला माहीत होती, याचे दुःख.

मी नातवाला म्हटले, ‘‘बेटा, तिला सांग.’’

‘‘नानी, चिठ्ठी तिनेच लावलीय. आपण खोटं बोललो नाही.’’

हे खरेच होते. आणि अर्ध्या तासापूर्वी मी स्वतः एका माणसाकडून चार पौंड कमी करून घेतले होते, त्याची मला मिजास होती. पण तो माणूस त्या धंद्यातला होता, त्याला त्याच्या मालाची किंमत माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. तिथे घासाघीस बरोबरीची होती. हे सगळे मला बारा वर्षांच्या मुलाला कोकणीत, उभ्या उभ्या, गर्दीत समजावता आले नाही. मी एवढेच म्हटले, ‘‘तू सांग, नाहीतर मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगते.’’

त्याने सांगितले. मान खाली घालून, पण नीट सांगितले. बाईला आधी वाटले मुलाला काहीतरी तक्रार करायची आहे. मग तिने चष्मा लावला, खोका हातात घेतला, उलटसुलट केला. म्हणाली, त्याने यादी ठेवली नाही. कधी विचारलं तर म्हणायचा, दोन-तीन पौंडांची खेळणी आहेत. तिने पलीकडच्या क्लबच्या माणसाला हाक मारली. तो आला, खोका उघडून पाहिला आणि शीळ घातली. चाळीस, म्हणाला, आणि तो आकडा मोठ्याने म्हणाला.

माझ्या पर्समध्ये मुलीने दिलेले तीस पौंड होते. मी मनात जुळवत होते, माझे तीस आणि त्याचे दहा. चाळीस होत होते. पर्सची चेन उघडेपर्यंत आमच्या मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थाने आमच्या खांद्यावरून दोन वीसच्या नोटा पुढे केल्या. बाई गोंधळली. आमच्याकडे पाहिले, नोटांकडे पाहिले. क्लबच्या माणसाने खोका पिशवीत घातला. झाले. त्या गृहस्थाचेही काही चुकले नव्हते.

यॉर्कशायरच्या बायका अनोळखी माणसालाही ‘लव्ह’ म्हणतात. ती बाई नातवाला ‘थँक यू, लव्ह’ म्हणाली, दोनदा. मग ती माझ्याकडे वळली आणि तिने बाकीच्या टेबलावरून हात फिरवला, विचारल्यासारखा. म्हणजे या सगळ्यात अजून असं काय काय आहे? मी क्लबच्या माणसाकडे बोट दाखवले. तो आधीच चिठ्ठ्या काढायला लागला होता. निघताना मी वळून पाहिले तर ती विणकाम बाजूला ठेवून त्याच्याबरोबर एकेक खोका उघडत होती, आणि वहीत त्याच गोल अक्षरात लिहून घेत होती.

इमारतीच्या मागे हिरवळ होती. वुजू आतल्या बेसिनवर केला, स्वेटर अंथरला आणि जोहर पढले. नातूही शेजारी उभा राहिला. सलाम फेरून त्याने डबा उघडला, घावणे खाल्ले, पण माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी समजूत घातली नाही. त्याची वस्तू गेली होती आणि ती मी घालवली होती. अशा वेळी मोठ्यांनी शहाणपण सांगितले की मुलांना ते थपडेसारखे लागते.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून स्टेशनामागच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेलो. तिथे प्रवेशाला पैसे नाहीत. निळे मॅलार्ड तिथेच उभे आहे. ३ जुलै १९३८ रोजी ते ताशी १२६ मैल वेगाने धावले, वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. लोक फोटो काढत होते. नातवाने त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही. तो सरळ एका सेवकाकडे गेला आणि विचारले, गॅरेट कुठे आहे? त्या म्हाताऱ्याने फार प्रेमाने सांगितले की खोक्यावरच्या चित्रातली गॅरेट इथे नाही, कुठेच नाही. नॉटिंगहॅमकडचा कोळसा लंडनला ओढायला अशी ३३ इंजिने बांधली होती. १९५८ पर्यंत सगळी सेवेतून गेली आणि एकही राखून ठेवले नाही. तेहेतीसच्या तेहेतीस भंगारात.

‘‘एकही नाही?’’ नातवाने विचारले.

‘‘एकही नाही.’’

गाडीत तो खिडकीला कपाळ लावून बसला. लीड्स गेल्यावर अचानक म्हणाला, ‘‘नानी, नानाचा तो मायक्रोमीटर कसा होता?’’ मी दचकले. मी त्याला कधी सांगितले नव्हते. मुलीने कधीतरी सांगितले असावे. मला जेवढे आठवले तेवढे सांगितले, डबीतली मखमल हिरवी होती इथपर्यंत. फिरवताना येणारा कट्‌कट् आवाज तोंडाने काढून दाखवला. समोरची बाई आमच्याकडे बघत होती.

घरी पोचल्यावर जेवण आटोपून तो वाघिणी घेऊन टेबलावर बसला. पहिला खोका उघडला. दुसरा उघडला. चारही उघडले आणि माझ्याकडे पाहून हसायला लागला, सकाळपासून पहिल्यांदा. एकातही चाके नव्हती. मी उचलून पाहिले तर प्रत्येक खोक्याच्या तळाला बारीक चिठ्ठी होती, चाके नाहीत म्हणून. विक्रेत्याने लिहिलेच होते. घासाघिशीच्या नादात मी खोके उलटे करून पाहिलेच नाहीत. चाकांना चोवीस पौंड लागणार होते. ‘‘नानी, तू बारा पौंडांत चार पेट्या घेतल्यास,’’ असे म्हणून तो लोळून लोळून हसला, आणि मग मुलगी हसली, आणि जावईही. ईदला चाके घेऊन द्यायचे मी कबूल केले.

रमजानच्या आधी मी चिपळूणला परतले. शिलाई मशीनच्या खणात एक दिवस बॉबिन शोधताना सहा इंची स्टीलची पट्टी सापडली. मुलांच्या अब्बांचीच. मीच कधीतरी ब्लाऊजचे माप घ्यायला पेटीतून काढली असणार आणि परत ठेवली नसणार. म्हणून ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढली नाही. मागच्या बाजूला खिळ्याने कोरलेला त्यांचा तिकीट नंबर अजून वाचता येतो. भावजयीचा मुलगा इंग्लंडला चालला होता, त्याच्याबरोबर ती पाठवून दिली.

पोचल्यावर नातवाने फोनवर पट्टी कॅमेऱ्यापुढे धरली. तिच्या एका कडेला अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा आहेत, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. त्याने ती रुळांवर आडवी ठेवली आणि डावा डोळा मिटून म्हणाला, ‘‘साडेसोळा. बरोबर.’’